ऑन्टारियोत शांत तळ्याकाठी तंबू कुठे ठोकावा? सोबत सासू-सासरे आणि दोन पोरं

पिंपळपान
मंडळी नमस्कार, टोरांटोच्या आसपासचे कॅम्पिंगवाले इथे बरेच आहेत म्हणून विचारते. आम्ही मिसिसागाला असतो, नवरा, मी, मुलगा १० वर्षांचा आणि मुलगी ६, आणि यंदा सासू-सासरे कोल्हापूरहून सुपर व्हिसावर (आई-वडिलांना जास्त दिवस राहता येतं तो) आलेत ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहेत. सासऱ्यांना जंगलाचं वेड, राधानगरी-दाजीपूर आख्खं पायाखालचं. इथे आल्यापासून त्यांचं एकच चालू आहे की तुमच्याकडे एवढी तळी, एवढं जंगल आणि तुम्ही दर शनिवारी कॉस्टकोत काय करता. बरोबरच आहे म्हणा.

तर जुलैमध्ये एका पार्कात जाऊन आलो, नाव नाही लिहीत. बीचजवळची साइट मिळाली म्हणून आम्ही खूश, पण शेजारी दोन मोठे ग्रुप, रात्री साडेबारापर्यंत स्पीकर आणि पहाटे कुणाच्या तरी आरव्हीचा (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) जनरेटर. सासरे सकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले की हे तर रविवारचं रंकाळा झालं. आता त्यांना परत जायच्या आत एकदा तरी खरोखर शांत तळं दाखवायचंय. झाडी, पाणी, आणि माणसांचा आवाज नको.

अडचणी अशा: सासूबाईंचे गुडघे दुखतात, जमिनीवरून उठताना त्रास होतो, आणि टॉयलेट फार लांब नको. मुलगी रात्री अंधाराला घाबरते. कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, आम्ही दोघांनी थोडीफार चालवली आहे, बाकीच्यांनी नाही. जेवणात सासूबाई शाकाहारी, बाकी सगळे सगळं खातात. आणि अस्वलाचं काय ते स्पष्ट सांगा, कारण सासूबाईंनी यूट्यूबवर काहीबाही बघून ठेवलंय.

गणपती आटोपले की जाऊ शकतो, म्हणजे सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. अल्गॉन्क्विनच करावं का दुसरं काही?

---

वल्हेकर
ताई, अल्गॉन्क्विनच करा, पण अल्गॉन्क्विन म्हणजे एक जागा नाही हे आधी डोक्यात घ्या. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर पार्क आहे, १८९३ सालचं, आणि बहुतेक लोक हायवे ६० च्या त्या ५६ किलोमीटरच्या पट्ट्यात अडकलेले असतात. तिथल्या सगळ्या जागा वेस्ट गेटपासूनच्या किलोमीटरने ओळखतात, आणि तुम्हाला शांतता पाहिजे तर बघायचं ते हेच, की साइट हायवेपासून किती आत आहे.

म्यू लेक साधारण ३० किलोमीटरवर, लेक ऑफ टू रिव्हर्स ३१-३२ वर, कर्नी आणि पॉग ३६-३७ वर. ही सगळी छान आहेत, पण हायवे हाकेच्या अंतरावर. दिवसा जाणवत नाही, रात्री दोन वाजता लाकडाचा ट्रक गेला की जाणवतं. टू रिव्हर्स तर सगळ्यात गजबजलेलं, दुकान, आइस्क्रीम, सायकली, पोरांना मजा येते पण तुमच्या सासऱ्यांना परत रंकाळाच दिसेल. तुमच्यासाठी दोनच नावं, कॅनिसबे (२३ किलोमीटरवर वळायचं आणि मग आत जायचं) आणि रॉक लेक. रॉक लेकला ४० किलोमीटरवर वळून कच्च्या रस्त्याने सात-आठ किलोमीटर आत जावं लागतं, धूळ खात जायचं, आणि तेवढ्यामुळेच निम्मे लोक तिथे येत नाहीत. कॅनिसबेला गाडीने जायच्या साइट आहेतच, शिवाय तळ्याच्या काठाने कनूनेच जायच्या साइट पण आहेत, त्या खरंच सुंदर आहेत पण सहा माणसं आणि सहा माणसांचं सामान म्हणजे दोन कनू आणि दोन खेपा, आणि तिथे टॉयलेट म्हणजे झाडीत झाकण असलेला खोका. सासूबाईंसाठी नको.

एका साइटवर सहा जणच चालतात, तुम्ही बरोबर सहा आहात. पण दोन तंबू लावणार असाल तर साइटचं वर्णन वाचून घ्या, काही ठिकाणी एकच मोठा तंबू मावतो.

साइट निवडताना नकाशावर काय बघायचं ते सांगतो, कारण लोक फक्त पाणी बघतात. बीच, बोट सोडायची जागा, पाण्याचा नळ आणि अंघोळीचं मोठं बाथरूम, या चार गोष्टींजवळची साइट घ्यायची नाही. बाथरूमला रात्रभर दिवा, दाराची धडधड आणि येणाऱ्याजाणाऱ्याचा टॉर्च तंबूवर. पण साधं संडास जवळ असावं, ते वेगळं दाखवलेलं असतं, त्याच्यापासून तीन-चार साइट सोडून घ्या म्हणजे सासूबाईंना चालायला पण सोपं. आणि रेडिओ-फ्री असं लिहिलेला भाग मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या. तिथे स्पीकर, रेडिओ काहीच वाजवायचं नसतं, नियमच आहे, आणि वाजवलं तर तक्रार करता येते. फारसं कुणाला माहीतच नसतं हे.

बुकिंग पाच महिने आधी सकाळी सातला उघडतं, त्यामुळे चांगल्या साइट केव्हाच गेल्या असतील, पण लोक शेवटच्या आठवड्यात धडाधड रद्द करतात. वेबसाइटवर मोकळी झाली की ईमेल येईल अशी सोय आहे, ती लावून ठेवा. आणि मुलांची एक-दोन दिवस शाळा बुडवायची तयारी ठेवा. रविवारी दुपारी जायचं, मंगळवारी-बुधवारी परत. रविवारी दुपारी तुम्ही आत शिरता तेव्हा अख्खा कॅम्पग्राउंड सामान बांधून बाहेर निघालेला असतो.

---

सायलेंट_सई
वल्हेकरांशी सहमत, पण एक गोष्ट ते बोलले नाहीत. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा म्हणजे अल्गॉन्क्विनला मेपलचा रंग भरात येतो, आणि मग हायवे ६० वर शनिवार-रविवारी जी गर्दी होते ती बघवत नाही, ट्रेलच्या पार्किंगबाहेर गाड्यांची रांग, लोक रस्त्यात उतरून फोटो काढतात. टोरांटोहून बसा भरभरून येतात. तुम्ही आत तळ्याकाठी शांत असाल, पण जाता-येता आणि कुठे ट्रेलला जायचं म्हटलं की डोकं उठेल. जायचंच तर त्या आधीच्या आठवड्यात जा, रंग थोडे कमी पण माणसं पण कमी.

आणि माझं मत विचाराल तर पहिल्यांदा सायलेंट लेकला जा. बॅनक्रॉफ्टच्या अलीकडे, टोरांटोपासून अडीच तासांच्या आसपास, अल्गॉन्क्विनपेक्षा खूप छोटं. तिथल्या तळ्यात मोटरबोट चालत नाही, अजिबात नाही, फक्त वल्ह्याच्या बोटी. काठावर कुणाच्या कॉटेज नाहीत. तंबू घेऊन थोडं चालत जायच्या साइट आहेत त्या पाण्याला लागून आहेत आणि तिथे आरव्ही पोचूच शकत नाही, म्हणजे जनरेटरचा प्रश्नच मिटला. पण चालायचं थोडं अंतर आहे, सामान हातात, वाटेत झाडांची मुळं, ते गुडघ्यांना जमेल का बघा. नाहीतर गाडीने जायच्या साइट पण आहेत. सासूबाईंना तंबू झेपणारच नाही असं वाटत असेल तर तिथे यर्ट पण भाड्याने मिळतात, गोल कापडी घर, आत पलंग आणि हीटर. माझ्या आईला मी तिथेच ठेवलं होतं आणि तिने दुसऱ्या दिवसापासून आमच्या तंबूपेक्षा आपलं घर कसं बरं यावर प्रवचन सुरू केलं.

आता मोटरबोटीबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तळ्याकाठचा आवाज हा विषय लोकांना कळत नाही. तुम्ही म्हणाल शेजारी कुणी नाही म्हणजे शांत. तसं नसतं. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून जायच्या ऐवजी खाली वळतो आणि पाण्यावरून सरकत पलीकडच्या काठाला पोचतो. अर्धा किलोमीटर लांबच्या साइटवर कुणी सॉसपॅन आपटलं तरी ऐकू येतं, कुणी हळू आवाजात आपल्या मेव्हण्याबद्दल बोलत असेल तर तेही ऐकू येतं, मी ऐकलंय, आणि माणसं मराठी होती. तेव्हा छोटं तळं, मोटर बंदी आणि समोरच्या काठावर साइट नसलेली जागा, हे तिन्ही जमवा. आणि आपण पण शेकोटीभोवती अंताक्षरी नको.

---

गोट्या_पुणेकर
मी तिकडे नाही, पुण्यातून वाचतोय. आमच्याकडे पवनेच्या काठाला तंबू म्हणजे शंभर तंबू ओळीत, बार्बेक्यू, आणि प्रत्येक मालकाचा वेगळा डीजे. रेडिओ-फ्री भाग असतो हे वाचून डोळे पाणावले. चालू द्या.

बरं ते अस्वलाचं सांगा ना कुणीतरी.

---

वल्हेकर
सांगतो. तिथे असतं ते काळं अस्वल, आणि बहुतेक वेळा ते आपल्याला दिसतच नाही, तुमच्या आधी ते निघून गेलेलं असतं. त्याचा प्रश्न एकच, वास. खाण्याचा, खरकट्याचा, टूथपेस्टचा, लोशनचा, सगळ्याचा. गाडीने जायच्या कॅम्पग्राउंडला नियम सोपा आहे, जेवण झालं की सगळं गाडीत बंद. कूलर टेबलावर ठेवून झोपायचं नाही, "रिकामाच आहे" म्हणून पण नाही. तंबूत बिस्किटाचा पुडा पण नाही, पोरांचे खिसे तपासा. कचरा रोजच्या रोज कॅम्पग्राउंडच्या कचरापेटीत. कनूने आत जंगलात जाणाऱ्यांना मात्र खाण्याची पिशवी दोरीने झाडाच्या फांदीवर टांगावी लागते, जमिनीपासून निदान तेरा फूट वर आणि खोडापासून लांब. तुम्हाला ते करायचं नाहीये.

खरं सांगू का, अस्वलापेक्षा रकून आणि चिपमंक तुम्हाला छळतील. रकून कूलरचं झाकण व्यवस्थित उघडतो, हात आहेत त्याला. आणि चिपमंक, ती पट्ट्यापट्ट्यांची खार, दाण्याच्या वासावर येते. माझ्यासमोर एकीने शेंगदाण्याच्या लाडवाच्या पिशवीला बारीक भोक पाडलं, लाडू कुरतडत बसली नाही, त्यातले दाणे तेवढे वेचून गालात कोंबले, दोन्ही गाल टम्म फुगल्यावर पळाली आणि दोन मिनिटांत परत हजर. पोरांना खूप मजा येईल पण खायला घालू देऊ नका.

सुकट, बोंबील, सोडे घरी ठेवा. सासूबाई शाकाहारी आहेत म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. आमचं ठरलेलं असतं, पहिल्या रात्री घरून केलेली उसळ आणि पोळ्या फक्त गरम करायच्या, दुसऱ्या दिवशी मेतकूट-भात, पिठलं, आणि भाजणी नेलेली असते त्याचं थालीपीठ बिडाच्या तव्यावर. फोडणी एकदाच करायची आणि हिंग बेताने, नाहीतर पुढचे दोन दिवस तंबूला हिंगाचा वास. भांडी तळ्यात घासायची नाहीत, साबण "बायोडिग्रेडेबल" असला तरी नाही, खरकटं पाणी ठरवून दिलेल्या जागी टाकायचं.

लाकडं घरून नेऊ नका. ती किडे घेऊन जातात, त्यामुळे इकडची ॲशची झाडं साफ होत चालली आहेत. पार्कातच विकत मिळतात, ओली असतात थोडी हे मान्य, पण घ्यायची तिथलीच. आणि जायच्या आधी शेकोटीबंदी आहे का बघून घ्या. कोरड्या दिवसांत लागते, मग फक्त गॅसची शेगडी.

---

अंजीर
मी फक्त झोपेबद्दल लिहिते, कारण सगळे जागा आणि अस्वल सांगतात आणि रात्री तीनला म्हातारी माणसं कुडकुडत बसतात.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तिकडे दिवसा १५-१८ असलं तरी रात्री ३-४ पर्यंत सहज उतरतं, कधी दहिवर गोठलेलं पण दिसतं. थंडी वरून लागते त्यापेक्षा खालून जास्त लागते. साधी फुगवायची गादी म्हणजे आत नुसती हवा, ती गार होते आणि रात्रभर पाठीतली ऊब ओढून घेते. वर तीन पांघरुणं टाकून उपयोग नाही. गादीवर फोमची मॅट किंवा जाड गोधडी टाका, मग चादर. सासूबाईंसाठी घडीची कॅम्पिंग कॉट घ्या, खुर्चीच्या उंचीची, तिच्यावरून उठायला गुडघ्याला त्रास होत नाही. पण कॉटच्या खालून वारा जातो, म्हणून तिच्यावर पण मॅट हवीच, हे लोक विसरतात. रात्री गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी, लोकरीची टोपी, आणि झोपायच्या आधी थोडं तुपातलं खायला द्या. डिंकाचा लाडू चालेल. तंबूच्या बाहेर खायचं पण!

तंबू लावताना खोलगट जागी नको, पाऊस आला की तळं तिथेच होतं. खाली ताडपत्री टाकली तर तिची कड तंबूच्या बाहेर येऊ देऊ नका, दुमडून तंबूखालीच घाला, नाहीतर वरून ओघळलेलं पाणी ताडपत्रीवरून थेट तुमच्या अंगाखाली. आणि वर बघा. वाळलेली फांदी लटकत असेल त्या झाडाखाली तंबू नको, साइट कितीही सुंदर असली तरी.

मुलीसाठी: तिला स्वतःचा हेडलॅम्प द्या, तिचाच, कुणी मागायचा नाही. आणि लूनचा आवाज जायच्या आधी घरी ऐकवून ठेवा. तो एक डॉलरच्या नाण्यावरचा पक्षी, रात्री त्याची एक हाक लांब रडल्यासारखी असते आणि दुसरी वेड्यासारखं हसल्यासारखी. माहीत नसेल तर मोठ्या माणसाच्या पण अंगावर काटा येतो. माहीत असेल तर पोरं जागी राहून वाट बघतात. सासऱ्यांना सांगा पहाटे सहाला काठावर बसा, तो पाण्यावर तरंगत असतो, खूप खाली बुडालेला वाटतो, मग आवाज न करता बुडी मारतो आणि आपण इकडे बघत असताना भलतीकडेच वर येतो. सप्टेंबर संपत आला की मोठे पक्षी दक्षिणेला निघायला लागतात, तेव्हा उशीर करू नका.

---

काळी_माशी
माझं नाव उगाच नाही. पुढच्या वर्षी कुणी मे-जूनमध्ये जायचा बेत करत असेल तर वाचून ठेवा: मेच्या मध्यापासून जून सरेपर्यंत ब्लॅक फ्लाय, चावल्याचं कळत नाही, रक्त आलं की कळतं, कानामागे आणि केसांच्या कडेला. मग जुलैत डास. मूस, म्हणजे ते मोठं सांबरासारखं हरीण, बघायचा असेल तर मात्र तोच मे-जून बरा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ कडेच्या चरात साठतं ते चाटायला येतात. पिंपळपान, तुमच्या तारखांना यातलं काहीच नाही, नशीबवान आहात.

अजून एक, कुणीतरी तुम्हाला क्राउन लँड सांगेल, फुकट आहे, कुणी नसतं वगैरे. खरं आहे, इथे राहणाऱ्यांना बहुतेक सरकारी जमिनीवर एका जागी २१ दिवसांपर्यंत फुकट तंबू लावता येतो. पण फ्रेंच आणि मटावा नद्यांच्या उत्तरेला गेलात तर पाहुण्यांना परमिट लागतं, आणि मागच्या बारा महिन्यांत सात महिने कॅनडात न राहिलेला माणूस पाहुणाच धरतात. सासू-सासरे त्यात येतात. शिवाय तिथे संडास नाही, नळ नाही, रस्ता कसा असेल सांगता येत नाही. तुम्ही सध्या त्या वाटेला जाऊ नका.

---

पिंपळपान
बाप रे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार.

घरात मतदान झालं. सासऱ्यांना अल्गॉन्क्विनच पाहिजे, नकाशा बघून त्यांनी रॉक लेकवर बोट ठेवलं, कच्चा रस्ता ऐकून तर अजूनच खूश झाले. सासूबाई सायलेंट लेकच्या यर्टच्या बाजूने, पण यर्ट आमच्या तारखांना एकही शिल्लक नाही, त्यामुळे त्या कॉटवर तयार झाल्या, अट एकच की संडासाला जाताना सून सोबत येईल. मान्य. रॉक लेकला रविवार ते बुधवार एक साइट काल रात्री मोकळी झाली आणि मी लगेच घेतली, पाण्यापासून एक रांग मागे आहे पण बाथरूमपासून लांब आहे. सई, तुमचं ते मेव्हण्याचं वाचून नवऱ्याला ताकीद दिली आहे.

आता शेवटचा प्रश्न. आमच्याकडे ती टेबलावर ठेवायची शेगडी आहे, लांबट डबा आडवा बसतो ती, देशी दुकानात मिळते. ती चालेल ना? आणि पाऊस असला तर तंबूच्या पुढच्या भागात, बाहेरच्या कापडाखाली, चहा करता येईल का?

---

अंजीर
दुसऱ्याचं उत्तर आधी, नाही. तंबूत नाही, तंबूच्या पडवीत पण नाही, दार उघडं ठेवून पण नाही. कापड पेट घेतं हे एक, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पावसासाठी एक ताडपत्री वेगळी न्या, झाडांना दोर बांधून टेबलावर उंच ताणा, एक कड खाली ठेवा म्हणजे पाणी एकाच बाजूने ओघळेल. दोर खोडाला बांधायचे, खिळे ठोकायचे नाहीत.

---

वल्हेकर
शेगडी दुपारी चालेल, सकाळी रडवेल. त्या डब्यात ब्यूटेन असतो आणि शून्याच्या आसपास तो वायू व्हायलाच तयार नसतो, ज्योत मेणबत्तीएवढी होते आणि चहाला पाऊण तास लागतो. सासऱ्यांना पहाटे सहाला काठावर बसवणार आहात ना, मग चहा तेव्हाच लागणार. प्रोपेनची दोन बर्नरची शेगडी घ्या, हिरव्या सिलिंडरची, कुठल्याही मोठ्या दुकानात मिळते, प्रोपेनला ती थंडी काहीच नाही. एका बर्नरवर चहा, दुसऱ्यावर पोहे. ब्यूटेनवालीच न्यायची असेल तर डबा रात्री गाडीत न ठेवता ब्लँकेटात गुंडाळून घरातल्यासारखा उबदार ठेवावा लागेल, आणि तो तंबूत घेऊन झोपायचं म्हणजे परत अंजीरताई ओरडणार. विस्तवाजवळ शेकून गरम करायच्या फंदात तर अजिबात पडू नका.

आणि सिलिंडर दोन न्या, रॉक लेकहून दुकान लांब आहे.